शेवटचा बरगा

बंधाऱ्याला एकवीस गाळे. बरगे घालून
पाणी अडवायचं, हे माझं काम. कागदावर तारीख पंधरा ऑक्टोबर.
पण सातव्या गाळ्याचा तळचा बरगा
मी दिवाळीच्या अवसेपर्यंत घालत नाही.

साहेब विचारतात, गळती कसली?
म्हणतो, रबर झिजलंय.

खरं कारण अहिर.
सगळे म्हणतात तो अहिर. येसू गोताड म्हणतो, ती.
एवढ्या वर, गोड्या पाण्यात चढतात त्या माद्याच,
नर खाली खाडीत रमतात.
जन्मभर खोयनी लावून त्यानं एवढं शोधलंय.

दिवसा दिसत नाही. कोंडाच्या काठाला उंबराची मुळं,
मुळांत कपार, कपारीच्या तोंडाशी फक्त नाक.
रात्री निघते मुठ्यांवर, झिंग्यांवर.
पाणी आटलं तर ओल्या गवतातून, भाताच्या बांधावरून
पलीकडच्या पऱ्ह्यात जाते, कातडीनंच श्वास घेत.
येसूच्या सुनेनं धामण समजून काठी उचलली होती.

वीस वर्षं राहते अशी. माझी नोकरी तेवढी नाही.

आली तेव्हा करंगळीएवढी. त्याआधी
ताडगोळ्यातलं पाणी, डोळ्यांचे दोन ठिपके सोडले तर नव्हतीच.
त्याही आधी, म्हणे, एक पारदर्शक पान,
प्रवाहावर वाहत आलेलं. कुठून,
ते जयगडच्या ट्रॉलरवाल्यांनाही ठाऊक नाही.

श्रावणात मी पाहिल्यात त्या पोरी,
शेवाळलेल्या भिंतीला पोट चिकटवून
वर. पडायच्या. पुन्हा वर.
तेव्हा त्यांना माझी परवानगी लागली नाही.

जाताना लागते.

एकदा भाद्रपदात येसूच्या खोयनीत एक आली:
पिवळं पोट कल्हई केल्यासारखं लख्ख,
डोळे दुप्पट. फाडली, तर आतडं सुतळीएवढं, कोरडं.
"चूल सारवून निघालेली बाई ही," म्हणाला,
आणि पाटी तशीच ठेवून उठला.
त्या रात्री त्याच्या घरी पिठलं होतं.

अवसेला गावात पणत्या. मी बंधाऱ्यावर,
बॅटरी विझवून.
दिसत काहीच नाही. सातव्या गाळ्याखाली
पाण्याचा आवाज, मध्येच किंचित जाडसर,
की मलाच तसा वाटतो.
खाली फुणगुस, मग जयगड, मग जिथं कुणी पाहिलेलं नाही.

पहाटे बरगा घालतो. वहीत तारीख पंधराचीच.
रबर मागवायचं यंदाही राहिलं.