तुकडा क्रमांक दोनशे चौदा

समितीला संत्री हवी होती.
संत्री, नाहीतर वाघ.
"आपली ओळख दिसायला हवी ना," डॉ. पिंपळापुरे म्हणाले.
मी मान हलवली, आगाऊ रकमेचा चेक घेतला
आणि वाडीच्या गोदामात, ट्रकांच्या हॉर्नमध्ये,
चौदा फूट खाकी कागद जमिनीवर अंथरून
तीन दिवस काहीच काढलं नाही.

भिंत पश्चिमेची.
बाहेर पार्किंग, आणि पार्किंगच्या पलीकडे नुसता मे महिना.
आत बाकं, किरणोपचाराच्या नंबराची वाट बघणारी:
भंडाऱ्याची, बालाघाटची, छिंदवाड्याची माणसं,
मांडीवर फायली, पायाशी डबे.
केशरी रंग तर ते स्टँडपासून चालत येतानाच
डोळे मिटेपर्यंत बघून आलेले असतात.

चौथ्या दिवशी डोमाजी नंदनवार कूलर उघडून बसले.
नव्या वाळ्याच्या ताटीवर त्यांनी पहिला तांब्या ओतला
आणि गोदामभर तो वास.
काड्याकाड्यांतून उजेड गाळून येत होता,
हिरवा नाही, तपकिरी नाही,
भिजलेला.
मी कोळसा उचलला.

डोमाजी गोळीबार चौकातले.
तीस वर्षं मागावर लुगड्यांचे काठ विणले,
साठीत माझ्याकडे काच शिकले.
माझ्या उभ्या रेघांकडे बराच वेळ बघून म्हणाले,
"हा त ताना झाला, बाई. बाना कुठी हाये?"
खरंच. आडवा आधार नसता
तर एवढी काच स्वतःच्याच वजनानं
पोट काढून खाली बसली असती.
मग कामट्या आल्या, ताटीला असतात तशा, पाच,
आणि प्रत्येकीच्या मागे एक लोखंडी सळई लपवली.

तीनशे सव्वीस तुकडे.
प्रत्येकावर नंबर, प्रत्येकाचा कागदी साचा,
दोन साच्यांमध्ये शिशाच्या कण्याइतकी फट.
चाक रॉकेलमध्ये बुडवायचं, रेघ एकदाच ओढायची,
त्याच रेघेवरून परत जायचं नाही.
आवाज सुर्र यायला हवा. कर्र आला की समजायचं, गेली.
दुपारी शेहेचाळीस अंशांत डागणी हातात धरवत नसे,
म्हणून आम्ही रात्री बसायचो,
जोडकाम संपेपर्यंत सव्वापाच वाजायचे.
पुट्टीत जवसाचं तेल, ते डोमाजींच्या बोटांना इतकं मुरलं
की घरी नातू विचारी, चटणी खाऊन आलास का.

डॉक्टर एकदा येऊन गेले. टेबलावरच्या पट्ट्या बघून म्हणाले,
"शिसं? आमच्या भिंतीत भरपूर आहे.
किरण बाहेर जाऊ नयेत म्हणून."
मी म्हटलं, माझ्याकडचं जरा गळकं आहे.
ते हसले, आणि संत्र्यांचं पुन्हा विचारलं.

बसवायच्या दोन दिवस आधी दोनशे चौदा तडकला.
कोपऱ्यातून कोपऱ्यात, केसाएवढा.
त्या शेवाळी रंगाचा दुसरा तुकडा नव्हता,
फिरोजाबादहून यायला आठ दिवस.
मी डोमाजींवर ओरडले. चूक त्यांची नव्हती,
फळी मी ओढली होती.
ते म्हणाले, "सूत तुटलं त गाठ मारतो न जी.
लुगडं थोडी फेकून देते कोनी."
तडकलेल्या जागी त्यांनी बारीक शिशाची रेघ बसवली,
आराखड्यात नसलेली, तिरकी.
मला ती आवडली नाही.
अजूनही पुरती आवडत नाही.
खिडकीकडे बघितलं की डोळा आधी तिथेच जातो.

उद्घाटनाला समितीनं टाळ्या वाजवल्या,
कुणीतरी हळूच विचारलं, संत्री कुठेत.
मी चहाचा कप ठेवायला जागा शोधत होते.

पाच वाजता ऊन काचेपर्यंत उतरलं
आणि फरशीवर ताटी पसरली,
बाकांखालून, डब्यांवरून, पायांवरून.
तिरकी रेघ एका बाईच्या पदरावर आली.
तिनं खाली बघितलं. बोटानं फरशी चाचपली.
मग मांडीवरची फाइल उचलून
कोरड्या बाजूला ठेवली.