पाठकोरे

फाईल मीच बांधली होती.
काळं रेक्झिन, चार टाके, कण्याला कापडाची पट्टी.
पाटसकर मॅडम म्हणाल्या, बाइंडिंग सुरेख आहे हो,
आणि तीच फाईल टेबलावरून
अर्धी सरकवली माझ्याकडे.
उरलेली अर्धी मी ओढून घेतली.

साडेतीन लाख मागितले होते, कटिंग मशीनसाठी.
स्कोअर बसत नाही, म्हणाल्या.
शेजारच्या खुर्चीतले गृहस्थ
पासबुकात उगाच काहीतरी शोधू लागले.

बाहेर लक्ष्मी रोडवर सगळ्यांना साड्या घ्यायच्या होत्या.
मला वाटलं, माझ्या कपाळावर उमटलंय सगळं,
ठसे तापवून, सोनेरी अक्षरांत,
जसं मी उमटवतो पोरांच्या प्रबंधांवर
नाव, विषय, वर्ष.
चुकलं तर पुसता येत नाही,
पुठ्ठाच बदलावा लागतो.

झेड ब्रिजवर जाऊन बसलो. खाली जलपर्णी,
मधून कुठेतरी पाणी.
मेहुण्याच्या रिक्षाला जामीन राहिलो होतो.
त्याचं मन मोडायला नको, म्हणून एक सही.
सही कसली, टाका तो.
आत गेला की दिसत नाही
आणि सगळी पानं त्याच्यावरच.

प्रमिलाचा फोन. काय झालं?
म्हटलं, साहेब जेवायला गेलेत.
साडेअकराला?
पुण्यात जातात, म्हटलं.

मग परत गेलो.
कारण लेखी द्या, एवढंच म्हणायचं होतं,
घशातून ते तीनदा आलं.
मॅडम या वेळी बसा म्हणाल्या,
माझ्याच मोबाइलवर माझाच रिपोर्ट काढून दाखवला.
रिक्षा होतीच त्यात. सगळे हप्ते भरलेली, थोडी उशिरा.
आणि तिच्या खाली मी:
फ्रीजचे शेवटचे दोन हप्ते, एक हजार आठशे साठ.
फ्रीज कधीच भंगारात गेला.
बाकी मात्र आत अजून ताजी.

मेहुण्याशी भांडायची वाक्यं पुलावर तयार केली होती.
त्यांचं आता काय करायचं, कळेना.
हे फेडा, दाखला घ्या, रिपोर्टात चढू दे,
सहा महिन्यांनी या, मॅडम म्हणाल्या.
आणि हो, कमी रकमेचं बघा,
जुनं मशीनही मिळतं.
हे मला ठाऊक होतं. मला नवंच हवं होतं.

रात्री दुकानात फाईल उसवली.
माझे टाके सोडवायला मलाच वेळ लागला.
तीन वर्षांचे हिशेब, कोटेशन, लाइटबिलं,
सगळे पाठकोरे.
जुन्या कटरखाली घातले. पातं बोथट,
एका दमात वीसच पानं कापतं,
एकविसावं फाडतं.
एक वही झाली. तिरकी थोडी.

पहिल्या पानावर लिहिलं:
फ्रीज, १८६०.
पात्याला धार.
प्रमिलाला खरं सांगणे.

ती डबा घेऊन आली, वही उचलली,
खालून वर वाचत गेली.
साहेब जेवून आले वाटतं, म्हणाली.