तिवंध्यावरची मोजणी

तक्त्यात रकाने: रस्त्याची रुंदी, दुकानं,
कोण किती वर्षं इथं.
तिवंधा चौकात टेपचं एक टोक माझ्याकडे,
दुसरं तेजस्विनीच्या हातात.

पंक्चरवाले कोठुळे म्हणाले,
"बाई, रहाडीवर उभ्या आहात."

खाली पाहिलं. सांडलेलं ऑइल,
चेपलेलं एक बूच.
"त्याखाली सागाचे ओंडके. त्याखाली
दोन पुरुष खोल."
दुधाची गाडी गेली वरून,
काहीच वाजलं नाही.

"रंगपंचमीला उघडते. आधी पूजा,
मग धप्पा."
धप्पा म्हणताना त्यांचे खांदे वर गेले,
सत्तरीचा माणूस घटकाभर काठावर.

वर्षातून एकदाच असणाऱ्या जागेला
माझ्याकडे रकाना नाही.
'रस्ता' लिहिलं, खोडलं.
'हौद' लिहिलं,
समोरून सिटीबस आली.

टेप गुंडाळताना दिसलं,
चहा आणायला निघालेले कोठुळे
सरळ न जाता
कशाला तरी वळसा घालून गेले.
तिथं रेघ नव्हती, दगड नव्हता.

परतताना तेजस्विनीनं विचारलं,
"मॅडम, आमच्या सिडकोच्या गल्लीखाली काय असेल?"
"ड्रेनेज," मी म्हणाले.
ती लिहून घेऊ लागली.