पहिला हात, दुसरा हात

केक डावीकडे कलला आहे.
ओइवा एक डोळा मिटून बघतो,
राउमाच्या गोदीत चाळीस वर्षं
जहाजांची पोटं सांधलेला माणूस,
आणि म्हणतो, चार अंश.
हेलवी म्हणते, पाच.

तीन थर, मधे रासबेरीचा मुरंबा,
खालचे दोन दुधात भिजून जरा जास्तच हळवे झालेले.
दोन वाजता माणसं यायची आहेत कॉफीला.
हेलवीला आज एक्याऐंशी पूर्ण.

या गल्लीतले सगळे केक तिच्या हातचे,
बारशांचे, लग्नांचे,
आणि दफनानंतरच्या कॉफीचेही,
ज्यांच्यावर काही लिहायचं नसतं.
आता तो हात थरथरतो.
परवा एक कप फुटला, काल दुसरा.
दोन्हींचे तुकडे तिने एकाच पिशवीत भरले
आणि विषय मिटवला.
म्हणून ती खुर्चीत, सुरी भावाकडे.

"बाजूंना आधी पातळ हात दे, चुरा बसेल.
केक दिसला मधून तरी दिसू दे.
माथ्याला लावू नकोस काही,
त्याचं माझं मी बघते.
आणि अर्धा तास गार होऊ दे."
"म्हणजे प्रायमर."
"तू काय म्हणायचं ते म्हण."

प्रायमर त्याला कळतो.
पहिला हात कुणी बघत नाही,
पुढचं सगळं तोच धरून ठेवतो.
हेरिंगची बरणी बाहेर काढून
तो केकला फ्रिजमध्ये जागा करतो
आणि अर्धा तास घड्याळापुढे बसून राहतो.

दुसऱ्या हाताला फिरतं ताट हवं.
ते सुनेने नेलं ते नेलंच.
ओइवा रेकॉर्ड प्लेअर उचलून आणतो,
वर ताटली, ताटलीवर केक,
मिनिटाला तेहतीस फेऱ्या,
सुरी टेकवतो मात्र,
पडद्यावर, खिडकीवर, हेलवीच्या चष्म्यावर
क्रीमचा एक सरळ, निर्दोष पट्टा.

ती हसते. चष्मा न पुसता हसत राहते.
"बटण बंद कर, गाढवा. बोटाने फिरव."

बोटाने फिरवत फिरवत बाजू गुळगुळीत होते.
मग काटा-चमच्यातला काटा,
तळापासून हलकेच ओढला की
बंदरातलं वाऱ्याच्या दिवशीचं पाणी.
दुधाच्या पिशवीचा कोपरा कापून
तो काठाने ठिपके सोडतो, एकाला एक चिकटून,
वेल्डिंगच्या टाक्यांसारखे.
"फार नीट आलेत," ती कुरकुरते,
"कारखान्यातले वाटतात."

"दारातली निळी लुपिन आणू?"
"विषारी असतात ती. कोण नकोसं झालंय तुला?
पॅन्सी आण. पॅन्सी पोटात गेली तर जाते.
आणि कललेल्या बाजूला रासबेऱ्या जास्त लाव.
चूक तिथे फळ, एवढं लक्षात ठेव,
बाकी सजावट म्हणजे काय ते लोकच ठरवतात."

उरला माथा, तपकिरी, कोरडा, उघडा.
त्यावर ती आईची लेस ठेवायला लावते,
लाकडी फिरक्यांवर विणलेली, तळहाताएवढी,
एका कोपऱ्यात इस्त्रीचा डाग.
ओइवा गाळणीत पिठीसाखर घेऊन वर धरतो.
काही पडत नाही.
जहाजं सांधणारा हात, हलतच नाही.
टिचकी मारतो तर भसकन ढीग.
फुंकर घालून ढीग उडवतो, पुन्हा धरतो,
पुन्हा काही नाही.

मग न बोलता
गाळणी बहिणीच्या हातात देतो.

साखर पडायला लागते.
थांबत नाही, ढीग होत नाही,
सगळीकडे सारखी,
नोव्हेंबरात छपरांवर पडतो तसा पहिला, बारीक बर्फ.
हेलवी आपल्या हाताकडे बघते,
परक्या माणसाकडे बघावं तशी,
जो काही न सांगता कामाला लागलाय.

लेस उचलायची ओइवाने.
दोन चिमटींत, श्वास रोखून, सरळ वर.
खाली आईचे सगळे पेड उमटलेले,
डागाचा कोपरासुद्धा पांढरा.

घंटा वाजते. पावणेदोनच झालेत.
इतक्या लवकर येणारी लेम्पीच, दुसरं कोण.
"चष्मा पूस आधी," ओइवा म्हणतो.
"राहू दे," हेलवी म्हणते,
"दार उघड."