हरभरा

शवागारातला सोळंकी मला बरणी द्यायचा
रुमालात गुंडाळून, लोणच्याची देतात तशी.
आत ॲसिटोन आणि तळाशी
चार-पाच, कधी सात,
भिजत घालून विसरलेल्या हरभऱ्यांसारख्या गाठी.

पीयूषिका, असं खोर्शेदबाई फळ्यावर लिहायच्या,
पोटफोड्या ष चं पोट न फोडता.
कवटीच्या तळाशी हाडाचं एक खोगीर असतं, म्हणायच्या,
त्यावर ही स्वार.
माणूस संपला तरी मांड सोडत नाही.
सोळंकी छिन्नीने सोडवायचा.

ती बरणी घेऊन मी बसने परळला यायचो.
कंडक्टर नाक मुरडायचा, कोणी नखं रंगवलीत रे?
मी खिडकीबाहेर बघायचो.
मांडीवर सात बेवारस माणसं,
तिकीट एकाचंच.

दादरला दर पगाराला एक ग्लास पीयूष प्यायचो मी,
वर जायफळ, केशराच्या दोन काड्या.
गाठीचं नाव कळलं आणि सुटलं ते.
बायकोला सांगितलं, घसा धरतो.

दीड-दोनशे गाठी कुटायच्या, गाळायच्या, गोठवायच्या,
तेव्हा एका मुलाला वर्षभर पुरेल
इतकी पांढरी भुकटी निघायची.
मदनपुऱ्याची मेहजबीन, वय नऊ,
उंची चार वर्षांच्या मुलीची.
बाप यंत्रमागावर, गज आणि तसू त्याला तोंडपाठ.
दर महिन्याला ती प्रयोगशाळेच्या चौकटीला पाठ लावून उभी राहायची,
मी डोक्यावर पट्टी टेकवून पेन्सिलीने रेघ मारायचो.
तेवढा वेळ ती श्वास धरून ठेवायची,
जणू सोडला तर उंची गळेल.
पहिल्या वर्षी चार बोटं. दुसऱ्या वर्षी तीन.
चपला लहान झाल्या म्हणून ती रडली,
आणि बापाने त्या जुन्या चपला
पिशवीत नीट ठेवून दिल्या.

लोक म्हणतात, कोणाला हरभऱ्याच्या झाडावर चढवू नये.
मी चढवलं.
कोणाच्या खांद्यांवर पाय देऊन चढतेय, तिला ठाऊक नव्हतं.
मला तरी कुठे? रजिस्टरात एवढंच,
इसम, वय अंदाजे चाळीस, भायखळ्याच्या पुलाखाली.

मग परदेशाहून पत्र आलं.
बाईंनी उभ्याउभ्याच वाचलं.
तिकडे काही मुलं, मोठी झाल्यावर,
सपाट रस्त्यावर झोकांड्या खाऊ लागली होती.
कोणा मेलेल्याचं दुखणं भुकटीत मिसळलेलं,
वीस वर्षं, तीस वर्षं
हाडामांसात गप्प बसून राहणारं.
आपल्याकडे तसं काही असेलच असं नाही, बाई म्हणाल्या,
नसेलच, असंही नाही.
त्या रात्री आम्ही शीतपेटी रिकामी केली.
सकाळी बाईंनी प्रत्येक घरासाठी पाकीट बंद केलं.
मदनपुऱ्याचं माझ्याकडे दिलं.

मी गेलो होतो. खोटं नाही सांगत.
मागांचा खडखडाट, त्यात तिचा बाप
ओरडून मला सांगत होता,
मास्तर, आता वरच्या फळीवरचा डबा
हिचा हिला काढता येतो!
पाकीट अजून माझ्याकडे आहे,
विम्याच्या कागदांखाली.

बाई गेल्या. चौकट भंगारात गेली, तिच्या जागी ॲल्युमिनियम.
भुकटी आता मेलेल्यांतून येत नाही म्हणे,
जिवाणूंकडून करून घेतात.
मेहजबीन पाच फूट एक इंच, दोन नातवंडांची आजी,
ईदला शीरखुर्म्याचा डबा घेऊन येते.
मी विचारतो, चाल कशी आहे?
ती हसते. सगळे तब्येत विचारतात चाचा,
तुम्ही चाल विचारता.

ती निघाली की मी दार लावत नाही.
तिसरा मजला, बेचाळीस पायऱ्या.
कान देऊन एकेक मोजतो.

आज एकतिसावी ऐकू आली नाही.
माझेच कान असतील.