व्हॉल्व्हची टोपी

वेंडोव्हरला पहाटे साडेपाचला
मीठ ओलं असतं, करकरत नाही,
नुसतं दबतं.
माझ्याकडे एक टॉर्च, हवेचं गेज
आणि अंगठ्याचं नख.
वर्षातून एक आठवडा मी इथे
लोकांना नाही म्हणायला येते.
बिनपगारी.

आई फोनवर विचारते, तिथे असतं तरी काय?
मीठ, मी सांगते. नजर जाईल तिथवर.
मग दृष्ट तरी लागत नसेल कुणाला, ती म्हणते.

काल पोकाटेल्लोहून डेल्मर थॉर्सगार्डची गाडी आली,
लांबट, पिवळी, गॅरेजात हाताने वाकवलेला पत्रा.
चालवणार होती मुलगी, रोनेल.
हेल्मेट मांडीवर घेऊन
बर्फाच्या पेटीवर बसून पीच खात होती.
पुढचे टायर ठीक.
मागच्या डाव्यावर चार आकडे: तीन नऊ शून्य नऊ.
एकोणचाळिसावा आठवडा, दोन हजार नऊ.
"एक मैलसुद्धा पळालेला नाही," डेल्मर म्हणाला,
"तळघरात, काळ्या पिशवीत.
उन्हाचा कवडसा लागू दिला नाही."
खरंच होतं. रबराचे बारीक केसही झडले नव्हते.
मी कडेजवळ नख फिरवलं.
रबर पळूनच म्हातारं होतं असं नाही,
वाट बघूनही होतं.
हे मी त्याला म्हणाले नाही.
म्हणाले, हा चालणार नाही.

आधी तो गप्प राहिला, वर्षं मोजत असल्यासारखा.
मग शिव्या दिल्या. मला नाही, टायरलाही नाही,
सप्टेंबर महिन्याला.
भेग त्याला दिसेना. चष्मा पुसला, तरी दिसेना.
रोनेल उठली, हात पँटला पुसले,
वाकली.
"आहे, बाबा."

या वेगाला नक्षीचा टायर घालत नाहीत,
नक्षी उडून जाते.
व्हॉल्व्हवरची प्लास्टिकची टोपी मी काढून घेते,
धातूची लावायला सांगते.
चाक असं गरगरतं की आतली सुई
स्वतःच्याच भाराने उघडते,
मग हवेला थोपवायला
तेवढी टोपीच उरते.

बेकर्सफील्डच्या ओडेलचं इंजिन परवा फुटलं होतं.
त्याने आपले मागचे दोन्ही टायर काढून दिले,
वर शिशाच्या विटा.
डेल्मर विटांकडे बघत राहिला.
सगळं आयुष्य ग्रॅम ग्रॅम तासण्यात गेलेलं,
आता ऐंशी किलो उचलून आत ठेवायचे.
पण हलकं चाक मिठावर नुसतं बडबडतं,
चालत नाही.
विटा मागे ठेवाव्यात तर चाक धरतं,
पुढे ठेवाव्यात तर नाक सरळ राहतं.
दोघे म्हातारे रात्री अकरापर्यंत भांडले,
शेवटी काही इथे, काही तिथे.

आज तिसऱ्या मैलावर डावीकडून वारा आला.
रेडिओवर कुणी बोललं नाही.
गाडीचं शेपूट बाजूला सरकलं, पांढरा धुरळा,
तिने ब्रेक दाबला नाही.
निजलेल्या बाळावरून हात काढावा
तसा पाय उचलला असणार,
कारण आधी काहीच झालं नाही,
मग पॅराशूट उघडलं.

दोनशे तीन. विक्रम दोनशे अकराचा.
चाकाच्या हिशोबाने मात्र ती
दोनशे सत्तावीसने गेली होती.
मधले चोवीस मिठाने ठेवून घेतले.
मी टायरवर तळवा टेकवला:
गरम, खरखरीत, अख्खा.

दुपारी पेट्रोल पंपामागे
डेल्मर पाठीवर झोपून गाडीचं पोट धूत होता.
पाण्याच्या यंत्राला पंचवीस सेंटची नाणी लागतात,
त्याची संपली. त्याने मला हाक मारली.
ट्रकमध्ये जुना टायर होता,
परत त्याच पिशवीत, तोंड दोरीने बांधलेलं.
मी काही विचारलं नाही.
खिशात हात घातला,
तर आधी कालची प्लास्टिकची टोपी निघाली,
मग तीन नाणी.