नवं मॉडेल

एलिसेओ, माझा भाचा, कागदावर दोन रकाने आखतो.
डावीकडे जुनं, उजवीकडे नवं.
जुनं चालू व्हायला चार मिनिटं,
नवं नऊ सेकंदांत.
"पैसा वसूल, आत्या," म्हणतो, आणि खाली दोन रेघा मारतो.

बाहेर सामुद्रधुनीवरून वारा सुटलाय.
पुन्ता आरेनासच्या कोपऱ्यांवर दोर बांधलेत;
माणसं त्यांना धरून घरी जातात.

माझं छापखान्याचं दुकान एवढंसं.
खेकड्याच्या डब्यांची लेबलं, क्वचित लग्नपत्रिका,
बाकी सगळ्या निधनाच्या सूचना.
टेबलाखाली पिवळा पडलेला डबा गुरगुरतो,
थंडीत त्याचा पंखा खोकतो,
आतला सेल कधीच संपलाय, म्हणून रोज सकाळी
त्याला वाटतं, आज एक जानेवारी दोन हजार नऊ.
मी त्याला रोज खरी तारीख सांगते.
(त्या तारखेला माझे गुडघे शाबूत होते.
मलाही बदलायला जिवावर येतं.)

हिशेब मीही मांडला.
रोजची चार मिनिटं, वर्षाचे वीस तास.
एलिसेओ म्हणतो, तेवढ्यात आणखी कामं घेशील.
म्हणजे या गावात
आणखी माणसं मरायला हवीत.

मार्चमध्ये व्हेरा आला, डोंगीवाला,
बायकोची सूचना छापायला.
डबा घरघरत होता, मी चहा ओतत होते,
तो स्टुलावर टोपी पिळत बसला.
"एदुविना," म्हणाला. स्पष्ट. अक्षर न् अक्षर.
तिसऱ्या मिनिटाला म्हणाला,
"नको. या नावानं तिला कुणीच ओळखत नव्हतं.
विना लिहा. नुसतं विना."

नऊ सेकंदांत
एदुविना छापून गेली असती.

हे मी एलिसेओला ऐकवणार होते,
पण जुलैत याच डब्यानं
दोन हजार लेबलांची फाइल गिळली,
आणि कारखानेवाले दुसऱ्याकडे गेले. ते परत आले नाहीत.
गप्प बसले. पैसे मोजले.

नवं काळं आहे, डब्याच्या निम्मं,
आवाज म्हणून करत नाही.
त्याला तारीख ठाऊक असते. मला विचारत नाही.

आता कुणी काळे कपडे घालून आलं
की आधी किटली ठेवते,
स्टूल पुढे सरकवते, साखर विचारते,
बटण सगळ्यात शेवटी.

"मग, वसूल झाले का पैसे?" एलिसेओ परवा विचारत होता.
म्हटलं, अक्षरं सुबक उठतात रे.
उठतात खरंच.